घाटात हात सोडायचा नाही

गाडीचा डॅशबोर्ड उघडून पुन्हा लावला की एखादा स्क्रू उरतोच. सगळं जागच्या जागी बसलेलं असतं, काही खडखडत नसतं, आणि तरी टेबलावर एक स्क्रू आपल्याकडे बघत असतो. आमच्या गाळ्यात असे स्क्रू लोणच्याच्या बरणीत टाकायची पद्धत आहे. बरणी आता गळ्यापर्यंत आली आहे. किश्श्यांचंही तसंच! गाडी निघून जाते, किस्सा उरतो. फेकवत नाही, आणि कुठे बसवायचा तेही कळत नाही.

आमचा गाळा परळला आहे. पूर्वी तिथे पिठाची गिरणी होती. भिंतींच्या भेगांमध्ये अजून पीठ आहे. ड्रिल मारलं की पांढरा धूर निघतो आणि दुपारच्या उन्हात बराच वेळ तरंगत राहतो. संदेश त्याच्याकडे बघत म्हणतो, "आज ज्वारी निघाली."

संदेश लालबागचा, वायरिंगचा माणूस. ओंकार माझ्या कॉलेजमधला. तो मॅन्युअल पोथीसारखं वाचतो. आणि मी, इलेक्ट्रॉनिक्सची इंजिनीअर. समोरच्या काचेच्या बिल्डिंगमध्ये नोकरी करायचे. तिथे आम्ही अशा वस्तू बनवायचो, ज्या लोकांनी लवकर फेकून नव्या घ्याव्यात! एक दिवस मीच ती नोकरी फेकली.

आता आम्ही जुन्या गाड्यांच्या स्टिअरिंगवर गाण्यांची बटनं बसवतो. आवाज कमीजास्त, पुढचं गाणं, मागचं गाणं. नव्या गाड्यांमध्ये असतात तशी. हात स्टिअरिंगवरून काढायला नको, नजर रस्त्यावरून हलायला नको. बटनं बसवली की ती स्टिरिओला शिकवावी लागतात. एकेक बटन दाबायचं आणि सांगायचं: हे दाबलं की आवाज वाढव, ते दाबलं की गाणं बदल. त्याला आम्ही शिकवणी म्हणतो.

*

आमचं पहिलं गिऱ्हाईक दादरचे एक काका होते. साधं विचारायला आले होते, "जुन्या गाडीत होईल का हे?"

मी सुरू झाले! जुनं म्हणजे निरुपयोगी हे आपल्या डोक्यात कोणी भरवलं, दुरुस्तीची लाज का वाटते, कचऱ्याचे डोंगर कुठे वाढतायत... काका आधी उभे होते, मग स्टुलावर बसले, मग त्यांनी चपला काढल्या. शेवटी मी थांबले. बाहेर कुणीतरी रिव्हर्स घेत होतं.

काका म्हणाले, "ताई, सगळं पटलं. मी मत तुम्हालाच देणार. आता बटनं बसवता का?"

तेव्हापासून संदेश मला मोर्चा म्हणतो. फोनवरसुद्धा. "मोर्चा, कुठे पोचलीस? येताना सोल्डर घेऊन ये."

*

वरळी कोळीवाड्यातून एक मावशी आल्या. मासळीचा टेम्पो, चालवणारा त्यांचा मुलगा. टेम्पोत मोठ्या स्क्रीनचा स्टिरिओ होता, पण मासळी उचलून आलेल्या ओल्या बोटांना तो दादच द्यायचा नाही. त्यावर पापलेटाचे खवले चिकटून स्क्रीनला चंदेरी नक्षी आली होती. खरं सांगते, सुंदर दिसत होती!

संदेशने स्टिअरिंगवर बटनं धरून दाखवली. "मावशी, इथे लावतो. दादाच्या अंगठ्याखाली."

"त्याच्या अंगठ्याखाली कशाला? गानी तो ठरवनार?"

"चालवतो तो ना!"

"चालवूं दे. म्हावरा माझा, टेम्पो माझा, पोरगा पन माझा. बटनं हितं लाव." आणि त्यांनी स्वतःच्या सीटसमोर हात आपटला.

मुलगा खिडकीबाहेर बघत होता. मला त्याची दया आली. मी समान हक्कांवर बोलायला तोंड उघडलं, तर ओंकारने माझ्या हातात पक्कड दिली. शेवटी तह झाला. आवाजाची बटनं मुलाच्या स्टिअरिंगवर, गाणं बदलायची मावशींच्या समोर.

महिनाभराने मुलगा एकटाच भेटला. विचारलं, कसं चाललंय? म्हणाला, "मस्त. तिचं गाणं लागलं की मी आवाज बंद करतो. मग ती गाणं बदलते, तेही मला ऐकू येत नाही. लय शांतता आहे."

*

गिरगावातल्या एका वकिलांचा फोन आला. "मॅडम, मी ब्रेक दाबला की गाणं बदलतं."

ओंकारचा चेहरा पडला. अर्थिंगचं कनेक्शन कच्चं राहिलं होतं. ब्रेकलाइट पेटली की स्टिरिओला वाटायचं, कुणीतरी बटन दाबलं. चूक आमचीच. मी म्हटलं, "सर, ताबडतोब या, लगेच करून देतो."

ते आलेच नाहीत. मी फोन केला, पुन्हा केला. अर्धवट काम मला झोपू देत नाही. शेवटी मी त्यांच्या ऑफिसात जाऊन उभी राहिले. ते जरा लाजले. म्हणाले, "राहू द्या हो तसंच. आयुष्यभर मला सिग्नलला थांबायचा राग यायचा. आता लाल दिवा दिसला की वाटतं, बघू या काय लागतंय."

खाली त्यांची गाडी उभी होती. मी तिच्याकडे बघितलं आणि हात न लावता परत आले. गाळ्यात संदेशने जाहीर केलं, "मोर्चा हरली!"

*

स्टिअरिंगमध्ये एअरबॅग असेल तर बॅटरीची वायर काढून थोडं थांबावं लागतं. आत साठलेला करंट उतरू द्यायचा. तोपर्यंत स्टिअरिंगला कुणी हात लावायचा नाही, हा ओंकारचा कडक नियम. त्या वेळात चहा येतो, पंखा फिरतो, आणि गिऱ्हाईक आपोआप बोलायला लागतं. मला तो वेळ फार आवडतो. मुंबईत माणसं अशी रिकामी बसलेली दिसतात कुठे?

माहीमची एक मुलगी वडिलांची गाडी घेऊन आली. ओंकारने वायर काढली. चहा आला. दोघं बोलू लागले. चहा संपला. संदेशने पाना उचलला, तर ओंकार म्हणाला, "थांब. अजून थोडं थांबायला हवं." दुसरा चहा आला. मी स्टिअरिंगकडे गेले. "थांब गं, रिस्क नको!"

शेवटी संदेश माझ्या कानाशी आला. "एअरबॅगमधला करंट कधीच उतरला. ह्याच्यातला उतरत नाय!"

*

आणि मग परबकाका आले. चालत.

"स्टिअरिंगवर बटना बसवतास?"

"बसवतो की. गाडी आणा."

"गाडी येवची नाय."

"बंद आहे?"

"चालू आसा. रोज सकाळी इंजिन फिरवून बघतंय. पण बाहेर काढली तर जागा जातली."

शेवटी आम्हीच हत्यारं घेऊन त्यांच्याकडे गेलो. काकांची चाळ लालबागची. कंपाउंडात गाड्या लावायची जागा एवढीशी, आणि नियम एकच: ज्याची गाडी उभी, त्याची जागा. त्यामुळे तिथली निम्मी वाहनं कधी हलतच नाहीत. काकांच्या गाडीच्या बॉनेटवर कुणाच्या तरी पापडांचं प्लास्टिक अंथरलेलं होतं, आणि मागच्या चाकाला टेकून तुळशीची कुंडी.

मी म्हटलं, "काका, उभ्या गाडीत स्टिअरिंगवर बटनं कशाला? हात लांब करा आणि गाणं बदला!"

काकांनी माझ्याकडे बघितलं, लहान मुलीकडे बघावं तसं. "गो चेडवा, घाटात हात सोडूचो नसता."

मला वाटलं, थट्टा करतायत. संध्याकाळी कळलं. पापड उचलले गेले. काकू खाली आल्या, चांगली साडी नेसून, पर्स, पाण्याची बाटली आणि हातात अर्धं लिंबू घेऊन. काका चालवायच्या सीटवर, काकू शेजारी. दोघांनी पट्टे लावले. स्टिरिओ सुरू झाला आणि चाळीतल्या मुलांनी खेळणं थांबवून गाडीपुढची वाट मोकळी केली!

मी आणि संदेश मागच्या सीटवर होतो, शिकवणी पूर्ण करायला. गाडी जागची हलली नव्हती. समोर भिंत होती, भिंतीवर उतरतं ऊन होतं, आणि वाळत घातलेल्या चादरी हलत होत्या. काका स्टिअरिंग धरून बघत होते. एका गाण्यानंतर काकूंनी विचारलं, "खंय पोचलव?"

"पनवेल मागे गेला."

दुसरं गाणं. मग पेण. मग, शपथेवर सांगते, मला वाटलं की खिडकीतून येणाऱ्या वाऱ्याला भाताचा वास आहे. काका अंगठ्याने नवीन बटन दाबत होते, आवाज थोडा कमी, थोडा जास्त, आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर.

"कशेडीचो घाट इलो," काका म्हणाले आणि स्टिअरिंग जरासं वळवलं.

काकूंनी लिंबू नाकाशी धरलं. "अवो, सावकाश! माका मळमळता."

संदेश मला कोपराने ढोसत म्हणाला, "मोर्चा, खिडकी उघड. मला पण होतंय!"

*

ही गाडी घेतली तेव्हा काका काकूंना म्हणाले होते, "तुका माझ्या गाडीतून, मी चालवून, कणकवलीक नेतलंय." आधी रजा मिळेना. मग जागा जाईल म्हणून राहिलं. मग काकांचे डोळे बिघडले आणि डॉक्टरांनी गाडी चालवायला कायमची बंदी केली. काकूंनी एकदाही टोमणा मारला नाही. हे काकांनीच मला सांगितलं, बटनांवरची धूळ पुसताना. "बोलली असती तर बरा झाला असता," म्हणाले.

आणि मग चाळ रिकामी करायची तारीख ठरली. पाडून टॉवर होणार. काका-काकूंनी गावी जाऊन राहायचं ठरवलं. गाडीचं काय? काका म्हणाले, "भंगारात."

मी पेटले! "अजिबात नाही! आम्ही टायर बदलतो, सगळी तपासून देतो. ओंकार चालवेल. तुम्ही दोघं आरामात बसा, गाडीनेच गावी जा."

"मगे ती ओंकाराने नेली. मी काय, सामान?"

मी दुसरं भाषण सुरू केलं.

दोन रात्री भांडून मी एवढंच मिळवलं की गाडी भंगारात जायची नाही. ट्रकवर चढवून गावच्या अंगणात नेऊन ठेवायची. संदेशच्या ओळखीचा ट्रकवाला होता. काका-काकूंचं एसटीचं रिझर्वेशन झालं होतं. मला वाटलं, गाडी तर वाचली. पण काका त्यानंतर माझ्याशी नीट बोलले नाहीत, आणि संध्याकाळी खाली येऊन गाडीत बसले नाहीत.

*

निघायच्या दिवशी सकाळी ट्रक चाळीच्या तोंडाशी लागला. तुळशीची कुंडी कुणीतरी बाजूला केली. ट्रकवाल्याने फळ्या टाकल्या, दोर बांधला, गाडी हळूहळू वर चढवली आणि चाकांना पट्टे आवळले. जिथे ती उभी असायची तिथे एक कोरडा, फिकट चौकोन उरला. सगळी चाळ गॅलरीत उभी होती.

काकूंना एसटीला उशीर होत होता. त्या खाली आल्या. चांगली साडी, पर्स, पाण्याची बाटली, हातात लिंबू. त्यांनी ट्रककडे बघितलं. मग ट्रकवाल्याला म्हणाल्या, "शिडी आसा?"

"कशाला, काकी?"

"बसाक."

काका म्हणाले, "गो, खुळी काय तू?"

काकू तोपर्यंत वर चढल्या होत्या. दार उघडून आपल्या सीटवर बसल्या आणि पट्टा लावला. काका खाली उभे. ट्रकवाला माझ्याकडे बघायला लागला. "मॅडम, हे चालत नाही हां. पोलीस पकडेल. तुम्ही समजवा ना त्यांना."

समजावण्यात माझा हात कोण धरणार! मी त्याच्याकडे वळले आणि म्हटलं, "दादा, लालबागच्या पुलापर्यंत तरी."

संदेशने काकांना हात देऊन वर चढवलं.

ट्रक निघाला. मी आणि संदेश स्कूटरवर मागे. लालबागच्या रस्त्यावर माणसं माना वर करून बघत होती. फुटपाथवर एका हारवाल्याने सुई-दोरा तसाच हातात धरून ठेवला होता. वर, सगळ्यांच्या डोक्यांवर, उन्हात, परबकाका गाडी चालवत होते. ताठ. दोन्ही हात स्टिअरिंगवर. गाणं बदललं, आवाज थोडा वाढला. हात हलले नाहीत.

पुलाचा चढ सुरू झाला. काकूंनी काच खाली केली, लिंबू नाकाशी धरलं, आणि त्यांचा आवाज खालपर्यंत आला, "अवो, सावकाश! घाट लागलो!"

पुढे एक टॅक्सी रेंगाळत होती. काकांनी हॉर्न दिला.

टॅक्सी बाजूला झाली.