जागा झाली की
माझा धाकटा भाऊ पेपरात आहे. लोकांना वाटतं, मोठी असामी. प्रत्यक्षात कुठे नळ फुटला, कुठे कचरा साठला, कुठल्या चौकातला दिवा गेला, हे लिहून पाठवायचं, एवढंच त्याचं काम. गल्लीत त्याला सगळे 'बातमी' म्हणतात. "काय बातमी, आज कोणाची जिरवली?" कोणी विचारलं की हा नुसता हसतो. त्याने आजवर कोणाची जिरवलेली नाही.

त्याच्या प्रत्येक बातमीचं शेपूट ठरलेलं. 'एखाद्याचा बळी गेल्यावरच पालिकेला जाग येणार का, असा संतप्त सवाल रहिवासी करत आहेत.' त्यासाठी रहिवाशांना विचारायचीही गरज नसते. आमचे बाबा चहा पिताना माझ्याकडून त्याची बातमी वाचून घ्यायचे आणि ती शेवटची ओळ स्वतःच म्हणून टाकायचे. डोळे त्यांचे गेल्यातच जमा होते, पण लेकाचं कौतुक काही कमी नव्हतं.

आमच्या दारासमोरच्या गटाराचं झाकण चोरीला गेलं, तेव्हा मी त्याच्या हात धुऊन मागे लागले. बाबा रोज सकाळी काठी टेकत तिथूनच फिरायला जायचे. मी वर फळी टाकली, तीही कोणीतरी उचलून नेली.

"लिही की रे आपल्या गटाराचं."

"ताई, स्वतःच्या गल्लीचं मी लिहीत नाही. लोक म्हणतील, पेपर घरच्या कामाला वापरतो."

"जगाची गटारं दिसतात तुला, बापाच्या दारातलं तेवढं दिसत नाही."

माझी जीभ तिखटच आहे. शेवटी त्याने लिहिलं. पाठवायच्या आधी मला वाचूनही दाखवलं, शेपटासकट.

पण छापून येईल तर शपथ. पानाला जाहिरात मिळाली की सगळ्यांत आधी याचीच बातमी उडते. पान लावणारा दर वेळी फोनवर सांगायचा, "जागा झाली की लावू." हा निमूट ऐकून घ्यायचा. मी म्हटलं, जाऊन भांड. तर म्हणे, तिथे असं भांडता येत नाही.

आणि एका सकाळी बाबा त्या गटारात पडले. डोक्याला मार लागला. दवाखान्यातून ते घरी आलेच नाहीत.

त्यांना पोचवून आलो, आणि दुसऱ्या सकाळी पेपरात जागा झाली. झाकणाची बातमी जशीच्या तशी. 'एखाद्याचा बळी गेल्यावरच...' पुढचं मला वाचवेना.

भेटायला आलेली शेजारीण तोच पेपर हातात घेऊन बसली होती. "बाप गेला तरी याला बातमी सुचली. धन्य आहे बाई." ही बातमी कधीची तिकडे पडून होती, हे मी सांगणार, तोच भावाने माझा हात दाबला. "राहू दे ताई," तो पुटपुटला. "पेपरचं नाव खराब होईल."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाप गेला आणि याला पेपरच्या नावाची पडलेली.

दुपारी त्यानेच ऑफिसला फोन केला. बाबा कसे गेले, कुठे पडले, ते सांगितलं आणि चार ओळी घ्या म्हणाला. मी शेजारीच बसले होते. पान लावणाऱ्याचा आवाज मला स्वच्छ ऐकू येत होता.

"फार वाईट झालं रे. पण तुमच्या गल्लीचं आजच लावलंय. एकाच गल्लीचं लागोपाठ दोनदा कसं लावणार?"

"बरं," माझा भाऊ म्हणाला. "जागा झाली की लावा."