काकांच्या शेगडीची डावी बाजू

आमच्या ईडन प्रेरी गावात हिवाळ्याची आतुरतेनं वाट बघणारा माणूस एकच, आमच्या शेजारचे काका. पहिला बर्फ पडला की बाकी सगळे सुस्कारे सोडतात. काका मात्र लग्नघरातल्यासारखे आतबाहेर करायला लागतात, कारण आता त्यांची पेलेटची, म्हणजे दाबलेल्या भुशाच्या गोळ्यांवर चालणारी शेगडी पेटणार असते. रिटायर झालेला हा इंजिनिअर माणूस. पण फोनवर नातवंडांचे फोटो दाखवत नाहीत, ज्योतीचे दाखवतात. पाहुण्याला चहाच्या आधी शेगडीसमोर बसवतात. त्या गोळ्यांची नवी पिशवी फोडली की मूठभर नाकाशी धरून, "ओक म्हणून पाइन दिलाय," असा निकाल देतात. एकदा गोळी दाताखाली फोडून ओलावा तपासताना काकूंनी पकडलं, तर म्हणाले, "अगं, तांदूळ घेताना तू काय करतेस?"

मी आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट, तीही मेकॅनिकल, आणि हे मी कुणालाही सांगते. माझ्या आईनं वर्षानुवर्षं भुसा ठासून शेगडी पेटवली आणि त्यावर माझे डबे केले. हे कळल्यापासून काकांनी मला परस्पर सल्लागार नेमलंय.

गेल्या हिवाळ्यात पहिल्यांदा पेटवली तेव्हाच घोटाळा झाला. उजवीकडे ज्योत ताठ, डावीकडे मरगळलेली. काच अर्धी काळी, डावीकडच्या गोळ्या कच्च्या. नेमकं तेव्हाच काकूंनी जाहीर केलं, "माझ्या गुडघ्यांना ही थंडी सोसत नाही. शेगडी धड पेटणार नसेल तर घर विकू आणि तिकडे उबेत, सांता क्लाराला मुलीकडे जाऊ." घर बघायला शनिवारी एजंट येणार होती.

मग आम्ही दोघं कामाला लागलो. पिशवी बदलली, दाराची हवा अडवणारी पट्टी तपासली, धुराचा पाइप झाडला, गोळ्या जळतात त्या भांड्याची भोकं जागच्या जागी तारेनं मोकळी केली. दर खेपेला काका म्हणायचे, "आता बघ," आणि ज्योत पुन्हा डावीकडे मान टाकायची.

शुक्रवारी शेगडी गार झाल्यावर मी भांडं काढून आत टॉर्च मारला. भांडं ज्या कडेवर बसतं तिथे, डाव्या कोपऱ्यात, काळे पडलेले तांदळाचे दाणे.

"काका, हे काय?"

काकांनी वाकून पाहिलं आणि कान पकडले. दसऱ्याला यंत्राची पूजा म्हणून त्यांनी भांडं बाहेर काढून हळदकुंकू लावलं होतं आणि उघड्या शेगडीत अक्षता टाकल्या होत्या. भांडं त्या दाण्यांवर बसलं, एका बाजूनं उचललं गेलं, आणि हवा भोकांतून वर यायची सोडून फटीतून पळत होती.

"दोन दाणे टाका म्हटलं होतं," किचनमधून काकूंचा आवाज आला. "तुम्ही मंगलाष्टकं चालल्यासारख्या उधळल्यात."

ब्रश फिरवला, भांडं टक्क बसलं, शेगडी पेटवली. ज्योत या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखी उभी राहिली. काकांनी टाळ्या वाजवल्या. मीही नाचले, खोटं कशाला सांगू. काकू खुर्ची ओढून शेगडीजवळ बसल्या. गुडघे ज्योतीकडे करून शेक घेत राहिल्या.

"एजंटला नको म्हणून कळवा," शेवटी म्हणाल्या. "एवढा हिवाळा राहू."

"एवढाच?" काकांनी विचारलं.

"एवढा तर राहू."

काका फोन आणायला धावले. ते आत गेल्याचं बघून काकू हळूच मला म्हणाल्या, "तिकडे गेल्यावर हे दिवसभर काय करतील गं?"

मी त्यांच्या शेजारी जमिनीवर बसले, आणि आम्ही दोघी ज्योतीकडे बघत राहिलो.