ब्राउनबाईची कोथिंबीर

रंगनाथ सरांचं जॉनशी जुनं वैर होतं.

जॉन म्हणजे इंग्रजीच्या पुस्तकातला. चांदवडच्या शाळेत आठवीपासून सरांना या माणसाची दिनचर्या पाठ करावी लागली होती. जॉन सकाळी सातला गेट्स अप, मग ओव्हरकोट पुट्स ऑन, जाताना दिवा टर्न्स ऑफ. सरांच्या घरचा दिवा वीज मंडळच टर्न ऑफ करायचं आणि ओव्हरकोट अख्ख्या तालुक्यात कुणी पाहिला नव्हता. सख्ख्या चुलत्याला कसला आजार आहे हे घरात कुणाला धड ठाऊक नव्हतं, पण जॉनने सिगारेट कधी गिव्ह अप केली हे तोंडपाठ. दहावीला इंग्रजीत काठावर पस्तीस पडले. पुढे बी.ए.ला त्यांनी इंग्रजीच घेतलं, ते काही प्रेमाने नव्हे. रागाने.

चांदवडजवळच्या एका विनाअनुदानित शाळेत ते मास्तर झाले आणि पहिल्याच दिवशी त्यांनी जॉनला वर्गाबाहेर काढलं. गिव्ह, पुट, टर्न, ब्रेक ही तशी गरीब क्रियापदं. पण मागे अप, ऑफ, डाउन असं एखादं शेपूट लागलं की त्यांचा स्वभावच बदलतो, आणि पोरं नेमकी तिथेच गळपटतात. सरांनी यावर आपली रीत काढली. अशा प्रत्येक क्रियापदासाठी एक खराखुरा माणूस शोधायचा, ज्याने ते काम खरोखर केलंय. त्याच्याकडे जायचं, वाक्य मराठीत समजावून सांगायचं आणि विचारायचं, "टाकू का तुमचं नाव?" तो हो म्हणाला तरच वाक्य वहीत. नाही म्हणाला तर वाक्य बाद, मग ते कितीही झकास असो.

खंडेरावचा ट्रॅक्टर लासलगावच्या वाटेवर ब्रोक डाउन, हे वाक्य खंडेरावने खळखळ करत दिलं. पुंजाराम लुक्स आफ्टर हिज मदर-इन-लॉ, या वाक्यावर पुंजाराम गावात आठ दिवस छाती काढून फिरला, आणि बायको म्हणाली की आता इंग्रजीत आलंय तर खरंही करून दाखवा.

नववीतला महेश इंग्रजीच्या भीतीने पळाला होता. दोन दिवसांनी लासलगावच्या बाजार समितीत कांद्याच्या गोण्यांवर झोपलेला सापडला. सरांनी त्याला मारलं नाही. वही उघडून विचारलं, "टाकू का नाव?" महेश मुंडी हलवून हो म्हणाला. महेश रॅन अवे टू लासलगाव. ही केम बॅक ऑन अ ट्रक. वर्ग हसला, महेशही हसला, आणि त्या दिवसापासून शेपटीवाली क्रियापदं त्याला कधी चावली नाहीत.

त्याच महेशचा आता शहरात, इंदिरानगरात, स्पोकन इंग्लिशचा क्लास आहे. पहिल्या मजल्यावर काचेचं दार, थंड हवा, बाहेर हाताची घडी घातलेला त्याचा स्वतःचा मोठा फोटो. गावची शाळा बंद पडली तेव्हा त्याने सरांना बोलावून घेतलं. "सर, तुमची वही घेऊन या," म्हणाला. सरांना बरं वाटलं. आपल्याला बोलावलंय की वहीला, हे त्यांनी तेव्हा विचारलं नाही.

क्लासच्या फाटकाशी कुसाबाईची भाजीची गाडी. मखमलाबादकडे स्वतःच्या जमिनीचा तुकडा, त्यातली मेथी-कोथिंबीर. पहाटे तीनला उठून काढणारी ही बाई सरांना क्रियापदांची खाणच वाटली. कुसाबाई गेट्स अप अॅट थ्री. कुसाबाई नेव्हर गिव्ज इन. रोज संध्याकाळी क्लास सुटला की ती जुड्यांवर पाणी शिंपडत विचारायची, "मास्तर, आज म्या इंग्रजीत काय केलं?"

"आज तुम्ही डोळ्याचं ऑपरेशन पुट ऑफ केलं, मावशी. म्हणजे पुढं ढकललं. मेथी विकून होईस्तोवर. टाकू का नाव?"

कुसाबाईने जुडीवरचं पाणी झटकलं. "टाका. पर पोराला कळाया नको."

"त्याला इंग्रजी येतं का?"

"नाय."

"मग झालं तर."

महेशने वहीचं पुस्तक काढायचं ठरवलं तेव्हा सरांनी एकच अट घातली. माझं नाव छोटं टाक, नाही टाकलंस तरी चालेल, पण वाक्यांतली नावं हलवायची नाहीत. ती मी मागून घेतली आहेत. महेश म्हणाला, "सर, काय बोलता, तुमचा शब्द." सरांनी कुसाबाईला सांगितलं. ती म्हणाली, "छापील? मग एक पुस्तक मला लागंल. देव्हाऱ्यात ठेवीन." आणि पुढचा महिनाभर गिऱ्हाईक मेथी घेवो न घेवो, ही बातमी घेऊन जायचं.

शनिवारी दुपारी पुस्तकं आली. गुळगुळीत कागद, वर महेशची हाताची घडी. सरांनी उभ्यानेच चाळायला घेतलं आणि सतराव्या पानावर थांबले. मिसेस ब्राउन पुट ऑफ हर आय ऑपरेशन टिल द मेथी वॉज सोल्ड. मागचं पान उलटलं. पीटरचा ट्रॅक्टर लासलगावच्या वाटेवर बिघडला होता. पुंजारामची सासू आता रॉबर्ट सांभाळत होता. संगणकाला नावं तेवढी बदलायला सांगितलेली, त्यामुळे मिसेस ब्राउन पहाटे तीनला उठून मखमलाबादेत कोथिंबीर उपटत होती.

एरवी सर यावर पोट धरून हसले असते. आता त्यांनी सतराव्या पानात बोट धरून पुस्तक मिटलं. ते केबिनमध्ये गेले.

"सर, बसा ना. चहा सांगू?"

"ही ब्राउन कोण?"

महेश हसला. "सर, ते जरा प्रोफेशनल वाटावं म्हणून. पालक येतात, पुस्तक चाळतात. एक जण तोंडावर बोलला, भाजीवालीचं इंग्रजी शिकायला फी भरतो का आम्ही. आता काय सांगू त्याला?"

"सांगायचं, की तू त्याच इंग्रजीवर उभा आहेस."

"नावंच तर बदलली. वाक्यं तुमचीच आहेत."

"माझी नाहीत. डोळा तिचा आहे. सासू पुंजारामची आहे. मी दारोदार जाऊन विचारून आणलंय एकेक, तू एका बटणावर पुसलंस. त्या ब्राउनला विचारलंस का, बाई, तुमचं नाव टाकू का?"

"सर, आवाज जरा... बाहेर पालक आहेत."

"ऐकू दे. तेही इंग्रजीच शिकायला आलेत ना, थोडं मराठी ऐकू दे."

महेशने दार लावून घेतलं. सरांनी तोवर एक्केचाळिसावं पान काढलं होतं. त्यांनी ते वाचलं, परत वाचलं आणि पुस्तक टेबलावरून महेशकडे फिरवून धरलं. जॉन रॅन अवे टू लासलगाव. ही केम बॅक ऑन अ ट्रक.

"म्हणजे तू स्वतःलाही काढलंस," सर म्हणाले. आवाज एकदम खाली आला होता आणि महेशला तो आधीच्या आवाजापेक्षा वाईट वाटला. "आणि जागा कुणाला दिलीस? जॉनला. तीस वर्षं मी त्याला दाराबाहेर ठेवला. तू त्याला माझ्याच वहीत आणून बसवलास."

"सर, या भिंतीवर माझा फोटो आहे. पोरांनी वाचलं की सर कांद्याच्या गोणीवर झोपले होते..."

"तर काय झालं असतं? पळणाऱ्या एखाद्याला परत यायची वाट दिसली असती."

महेशने पुस्तक मिटून बाजूला सरकवलं. मग व्यवहारावर आला. झालं ते झालं, पाचशे प्रती छापल्यात, आता बदल होणार नाही. सोमवारपासून बॅचला हेच पुस्तक. आणि भाग दोनसाठी उरलेली वही टेबलावर ठेवून जा.

सरांनी वही काखेत मारली. "सोमवारी मी येणार नाही. जॉनला बोलव, त्याचा ओव्हरकोट घेऊन."

खाली कुसाबाई वाट पाहत होती. फाटकातून पुस्तकांचे गठ्ठे आत जाताना तिने पाहिले होते आणि हात पदराला पुसून ठेवले होते. "आणलं का, मास्तर? कुठल्या पानावर हाय मी?"

सरांना खोटं बोलता आलं असतं. तिला वाचता येत नव्हतं. बोट ठेवून इथं म्हणाले असते तर तिने ते पान जन्मभर पुजलं असतं. त्यांनी सगळं सांगितलं, पालकाच्या वाक्यासकट.

कुसाबाईने जुड्या नीट लावल्या. आधीच नीट होत्या. "मंजी डोळा माझा, नि ऑप्रेशन तिनं ढकललं."

"हो."

"बरं."

सर गाडीच्या दांड्याला टेकून उभे राहिले.

अर्ध्या तासाने महेश उतरला. वहीसाठी आला होता की रोजच्यासारखा घरची भाजी न्यायला, हे त्यालाही नक्की माहीत नसावं. सरांकडे न बघता त्याने पिशवी पुढे केली. "कोथिंबीर दे, दोन जुड्या."

"नाय."

"आहे ना समोर एवढी."

"ही कुसाबाईची हाय. तुमाला ब्राउनबाईची लागती. तिची गाडी कुठं लागते बघा, लांब नसंल. पहाटं तीनलाच उठती म्हणं ती."

मेथी घेणाऱ्या दोन बायका थांबून बघू लागल्या. महेश रिकामी पिशवी धरून उभा राहिला. "मावशी, उगीच तमाशा करू नका."

"तमाशा कसला. गिऱ्हाईक माझं नाय, म्हणून दिली नाय."

सरांनी वही उघडली. राग उतरला नव्हता, अक्षर वाकडं येत होतं. कुसाबाई टर्न्ड महेश अवे. त्यांनी ते तिला मराठीत सांगितलं. कुसाबाईने महेशला रिकाम्या हाताने परत लावलं. "टाकू का तुमचं नाव?"

"टाका. मोठ्या अक्षरात. आन त्यालाबी इचारा. तुमची रीत हाय ना."

रीत होती. सर महेशकडे वळले. नववीत विचारलं होतं त्याच सुरात, फक्त जास्त कोरडं, त्यांनी विचारलं, "टाकू का तुझं नाव?"

महेशने पिशवीची घडी केली, आणखी एक घडी केली, ती खिशात घातली. स्कूटरला किक मारून गेला.

सरांनी वाक्यातून महेशचं नाव खोडलं. त्या जागी एक रिकामी रेघ ओढली.

कुसाबाईने डोकावून पाहिलं. "हितं कायच नाय?"

"तो हो म्हणेपर्यंत काही नाही."

"मंग दुसऱ्या कुणाचं टाका."

"दुसऱ्या कुणाचं नाही टाकायचं, मावशी," सर म्हणाले आणि वही मिटली.