पाचव्या रहस्याचा हेतू

आमच्या घरात दोन भाषा होत्या. देवाशी शाळेतल्या शुद्ध मराठीत बोलायचं आणि एकमेकांशी घरच्या बोलीत भांडायचं. बाराव्या वर्षापर्यंत मला वाटायचं की देवाला आमची बोली येतच नाही, आणि त्यात मला फार सोय वाटायची. आईला उलट उत्तर देताना मी मुद्दाम ठेवणीतली बोली काढत असे, म्हणजे वरती कुणाला कळायला नको.

सत्तरचं दशक सरत आलं होतं. वसईच्या पश्चिमेला, समुद्र आणि केळीच्या वाड्या यांच्या मध्ये आमचं गाव. आजोबा गेल्यावर घराच्या मधोमध विटांची भिंत उभी राहिली. अलीकडे आम्ही आणि पलीकडे काका, म्हणजे बाबांचे थोरले भाऊ. वाडीही वाटली गेली, पण बावखल कसं वाटणार? बावखल म्हणजे आमच्याकडचं वाडीतलं तळं, ज्याच्या पाण्यावर केळी, पानवेली आणि माणसं जगतात. त्याच्या पलीकडच्या काठावर काकांनी विजेची मोटर बसवली आणि त्या उन्हाळ्याच्या तोंडालाच पाणी इतकं खाली गेलं की आमच्या पानवेली उभ्या वाळल्या. बाबा रोज सकाळी जाऊन वाळकी पानं हातात घेऊन बघत. त्यांनी काकांशी बोलणं टाकलं. ‘काठी मारल्यानं पाणी दुभंगत नाही,’ असं आई म्हणे. आमच्याकडे काठीची गरजच पडली नव्हती, पाण्यानंच भाऊ दुभंगले होते.

चौदा महिने ते एकमेकांना पाण्यात पाहत होते. रविवारच्या मिस्साला, म्हणजे सामूहिक उपासनेला, एकाच देवळात जात, पण एक डाव्या बाजूच्या बाकांवर आणि दुसरा उजव्या. आमच्याकडे चर्चला देऊळच म्हणतात. बाबा माणूस म्हणून वाईट होते असं कुणी समजू नये. दारात आलेल्याला पाणी दिल्याशिवाय ते जेवायचे नाहीत, मजुराला ‘अरे’ म्हणू द्यायचे नाहीत, आणि आम्ही कुणाची चहाडी केली तर म्हणायचे, ‘येशूसमोर हे वाक्य बोलशील का? मग माझ्यासमोर कशाला?’ फक्त संध्याकाळच्या प्रार्थनेत एक जागा अशी होती की बाबा गप्प होत.

प्रार्थनेची पद्धत सांगते. संध्याकाळची घंटा झाली की सगळ्यांनी आल्तारापुढे गुडघे टेकायचे आणि जपमाळ म्हणायची. आल्तार म्हणजे कोनाड्यातला क्रूस, मरियाबाईचा पुतळा आणि लाल बल्ब. माळेची पाच रहस्यं, म्हणजे येशूच्या आयुष्यातले पाच प्रसंग. ज्याची पाळी असेल त्यानं रहस्याचं नाव सांगायचं, मग ते कोणासाठी अर्पण करायचं तो हेतू सांगायचा आणि मग ‘हे आमच्या स्वर्गातील बापा’ सुरू करायचं. अर्धी प्रार्थना त्यानं म्हणायची आणि उरलेली बाकीच्यांनी. ‘जशी आम्ही आमच्या अपराध्यांना क्षमा करतो’ ही ओळ उरलेल्या अर्ध्यात येते. तिथे बाबांचा आवाज बंद पडायचा आणि पुढच्या ओळीला पुन्हा सुरू व्हायचा. रोज पाच वेळा. आम्ही कुणी कधी त्याबद्दल बोललो नाही.

आणि एक नियम होता. सुरू झालेली माळ संपेपर्यंत उठायचं नाही. एकदा चुलीवरचं दूध उतू जाऊन विझलेल्या निखाऱ्यांचा वास घरभर पसरला, तरी आई हलली नव्हती.

तो ईस्टरआधीच्या उपवासकाळातला शुक्रवार होता. दुपारी बाबा देवळात क्रूसाच्या वाटेच्या प्रार्थनेला जाऊन आले, चौदा ठिकाणी गुडघे टेकून आले. घरी येऊन त्यांनी पांढरा सदरा काढून खुंटीला लावला, भिंतीवरची करवत घेतली आणि वाडीत गेले. मी वाळलेली केळीची पानं गोळा करायला गेले होते. बावखलाच्या अरुंद टोकावर माडाचा एक ओंडा आडवा टाकलेला होता. काका त्यावरून मोटर सुरू करायला पलीकडे जात. आम्हाला तिकडे काही कामच उरलं नव्हतं. बाबा त्या ओंड्याखाली कमरेएवढ्या पाण्यात उभे होते आणि खालच्या बाजूनं करवत चालवत होते.

मला वाटलं, डागडुजी करताहेत. मग त्यांनी करवत थांबवून पाण्यावर तरंगणारा भुसा दोन्ही हातांनी लांब सारला आणि त्यावर शेवाळ ओढून घेतलं. डागडुजी करणारा माणूस भुसा कशाला लपवील?  खाली काळे दगड होते, उन्हाळ्यानं उघडे पडलेले. मी केळीच्या आडोशाला बसून राहिले. बाबा बाहेर आले, ओंड्याकडे वरून बघितलं, एकदा डावीकडून आणि एकदा उजवीकडून, आणि घरी गेले. वरून काही म्हणता काही दिसत नव्हतं.

मी घाबरले ते काकांसाठी, असं मला अजूनही लिहायला आवडलं असतं. पण खरं सांगायचं तर मी बाबांना घाबरले. रागीट बापाची भीती वेगळी असते, तिची सवय होते. ज्या माणसाच्या मांडीवर बसून मी क्रूसाची खूण करायला शिकले, तो माणूस भुसा लपवतो, ही भीती कुठे ठेवायची ते मला कळेना. आईला सांगावं तर आई काय करील? काकांना सांगावं तर ते वसईच्या कोर्टात जायची धमकी आधीच देऊन बसले होते. बाबांना पोलीस घेऊन जातील. मी पानांचा भारा घरी नेला आणि हातपाय धुतले.

दिवसा व्होल्टेज कमी असे, म्हणून काका संध्याकाळची माळ संपवून मोटर लावायला जात. आणि एक गोष्ट मला माहीत होती, जी बाबांना माहीत नव्हती. काकांना अंधारात दिसेनासं झालं होतं. गेल्या पंधरा दिवसांपासून त्यांची मुलगी, माझी चुलतबहीण, कंदील घेऊन त्यांच्या पुढे चालत असे. ओंड्यावरही आधी ती आणि मागून काका. तिनं मला हे शाळेत सांगितलं होतं. घरं बोलत नसली तरी आम्ही दोघी एकाच बाकावर बसायचो आणि एकाच डब्यात जेवायचो. अर्थात हे घरी सांगायची चोरी होती.

घंटा झाली. शुक्रवार म्हणजे दुःखाची रहस्यं, येशूच्या छळाची आणि मरणाची, आणि शुक्रवार म्हणजे माझी पाळी. भिंतीपलीकडे काकांचीही माळ सुरू झाली. त्यांचा आवाज विटांमधून नेहमीच ऐकू यायचा, सावकाश, ओढत ओढत. पहिलं रहस्य मी आजारी लोकांसाठी अर्पण केलं, दुसरं परीक्षेसाठी, तिसरं पावसासाठी. चौथं कशासाठी केलं ते आठवत नाही. दर वेळी बाबा त्या ओळीला गप्प झाले. बाकी प्रार्थना ते अगदी नीट म्हणत होते. ‘आता आणि आमच्या मरणाच्या वेळी’ हे शब्द त्यांच्या तोंडून ऐकले की माझ्या अंगावर काटा येई. ‘प्रणाम मरिया’ या मरियाबाईच्या प्रार्थनेतले हे शब्द एका माळेत पन्नास वेळा, दर रहस्याला दहादा, म्हणायचे असतात.

पाचवं रहस्य, येशू क्रूसावर मरतो. आता सांगायचं, असं मी ठरवलं होतं. माणसाला सांगायची हिंमत नाही तर हेतूमध्ये सांगायचं, म्हणजे देवाला सांगितल्यासारखं होईल आणि बाबांनाही ऐकू जाईल. पण शुद्ध मराठीत ते वाक्य जुळेना. ‘हे रहस्य आपण...’ इथपर्यंत आले आणि अडले. ‘...मृतांच्या आत्म्यांसाठी अर्पण करू या,’ असं म्हणून मोकळी झाले. दहा प्रणाम मरिया संपले. आता शेवटची प्रार्थना म्हणायची आणि उठायचं. मी पुन्हा म्हटलं, ‘पाचवं रहस्य, येशू क्रूसावर मरतो.’

आईनं एक डोळा उघडून माझ्याकडे बघितलं. धाकटा भाऊ फिस्सकन हसला. बाबा डोळे मिटूनच होते. नियम नियम असतो, म्हणणारी चुकली तरी तिच्यामागे जायचं. मी पुन्हा तोच मृतांचा हेतू सांगितला आणि पुन्हा दहा प्रणाम मरिया झाले. मला वाटत होतं, मी म्हणत राहीन तोपर्यंत कुणालाच काही होणार नाही. आम्ही सगळे गुडघ्यांवर आहोत, तर वाईट कसं घडेल? बारा वर्षांच्या मुलीचा हा हिशोब होता, आणि भिंतीपलीकडच्यांना त्याचा पत्ता नव्हता.

पलीकडे मरियाबाईचं गाणं सुरू झालं. माळ संपल्यावर म्हणतात ते. गाणं संपलं. कडी वाजली. काकांची चप्पल आणि तिच्या पुढे अनवाणी पावलं, धावत जाणारी.

मी तिसऱ्यांदा म्हटलं, ‘पाचवं रहस्य.’ मग शुद्ध मराठी संपली. आल्तारापुढे, जिथे आमच्या बोलीचा एक शब्द कधी कुणी उच्चारला नव्हता, तिथे मी घरच्या बोलीत ओरडले. शब्द इथे लिहीत नाही, कागदावर ती बोली परकी दिसते. अर्थ एवढाच होता, की हे रहस्य काकांच्या मुलीसाठी, कारण हल्ली कंदील घेऊन पुढे ती चालते.

बाबा उठले. अर्ध्या माळेतून उठलेला माणूस मी त्या घरात पहिल्यांदा पाहिला. दाराला खांदा आपटला, तसेच धावले आणि अंगणातूनच ओरडले, ‘दादा! थांब! पोरीला धर, दादा!’

चौदा महिन्यांनी तो शब्द त्या वाडीत ऐकू आला. मी मागे धावले. चुलतबहिणीचा एक पाय ओंड्यावर होता. काकांनी तिच्या फ्रॉकला मागून धरलं होतं, का ते न कळता, नुसतं भावानं हाक मारली म्हणून. बाबा पाण्यात उतरले आणि त्यांनी ओंड्यावर हात टाकून जोर दिला. तो कडाडून मोडला आणि दगडांवर पडला.

‘मी कापलाय,’ बाबा म्हणाले.

काकांनी मुलीच्या हातातला कंदील घेतला, बाबांच्या तोंडाजवळ धरला आणि कितीतरी वेळ बघत राहिले. डोळे कमजोर म्हणून की कशासाठी, कोण जाणे. मला वाटलं, आता मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं. ते मुलीला घेऊन घरी गेले. त्या दिवशी मोटर लागली नाही.

आम्ही परत आलो तेव्हा आई तशीच गुडघ्यांवर होती. तिनं एकच वाक्य म्हटलं, ‘अर्धी माळ ठेवू नये.’ बाबांच्या अंगावरून पाणी गळत होतं. आईनं पहिल्यापासून सुरू केलं. ती ओळ आली तेव्हा बाबा त्या दिवशीही गप्पच राहिले, फक्त त्यांचे दात वाजत होते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी नवा ओंडा आणला. माडाचा ओंडा एकट्यानं टाकता येत नाही. दोनदा तो पाण्यात घसरला. तिसऱ्या वेळी काका आले आणि त्यांनी दुसरं टोक धरलं.  त्या वर्षीच्या पास्काला, म्हणजे ईस्टरला, दोघं देवळात उजव्या बाजूला बसले, मध्ये एक माणूस मावेल एवढी जागा ठेवून. मोटर एक दिवसाआड लागू लागली. हे सगळं गोड झालं असं नाही, पण पानवेली पुन्हा लावल्या आणि त्यांनी मूळ धरलं.

मी काय पाहिलं होतं ते बाबांनी मला कधी विचारलं नाही. पुढे मी लग्न होऊन दुसऱ्या गावी गेले. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस बाबा अंथरुणाला खिळले तेव्हा मी महिनाभर माहेरी राहिले. एके संध्याकाळी माझी माळ म्हणून झाली आणि ते म्हणाले, ‘बाय, तेव्हा तू पाचवं रहस्य तीनदा घेतलंस.’

मी माळ गुंडाळून त्यांच्या उशाशी ठेवली.

‘दुसऱ्यांदा घेतलंस तेव्हाच मला कळलं होतं, तू पाहिलंयस. तरी मी उठलो नाही.’ त्यांनी माझा हात धरला. ‘ओंड्याचं मी फादरना सांगितलं, त्याची क्षमा मिळाली. पण मी उठलो तो त्या पोरीसाठी. दादासाठी उठलो नव्हतो. हे मी कुणाला सांगू?’

‘झालं ते झालं, बाबा,’ मी म्हटलं. त्यांचं अंग पुसून दिलं, दिवा लावला.

मला आत जी धडकी भरली ती त्यांच्यामुळे नव्हती, माझ्यामुळे होती. मलाही आधीची चार रहस्यं मिळाली होती, पाचवंही दोनदा. सहा वेळा मी तोंड उघडलं आणि आजारी, परीक्षा, पाऊस, मृतांचे आत्मे असलं काहीतरी बोलले. त्या संध्याकाळी काका एकटेच चालत असते, पुढे कंदील नसता, तर मी बोलले असते का? मी अजून रोज माळ म्हणते. पाचव्या रहस्याला काकांचं नाव घेते आणि ‘क्षमा करतो’ या ओळीला माझा आवाज बंद पडतो.