डाव्या गालावरचा तीळ

उल्हासनगरच्या एका स्टुडिओत मी लग्नाच्या बायोडेटाचे फोटो काढते. फोटो कॉम्प्युटरवर दिसला की बहुतेक मुली नाक मुरडतात. "ही मी नाहीच!" आमच्या सिंधी मालकांकडे यावर एकच औषध आहे. "उलटा कर दे, खुश हो जाएगी."

मी फोटोची डावी-उजवी बाजू बदलते आणि मुलगी खरंच खुलते. आपण जन्मभर स्वतःला आरशात पाहतो. त्या चेहऱ्याची सवय होते आणि सवयीचंच आपल्याला आवडतं. बाकीच्यांना मात्र सुलटा चेहरा सवयीचा असतो. म्हणून मुलीच्या मोबाइलवर उलटा फोटो आणि बायोडेटावर सुलटा, हा माझा नियम.

स्वतःच्या वेळी तो मीच मोडला. आधीची दोन स्थळं 'कळवतो' म्हणून गप्प बसली होती आणि बदलापूरचं हे मला मनापासून हवं होतं. त्या मुलाशी फोनवर दोनदा बोलले होते, तो हसवायचा. पण माझा एकही फोटो मला बघवेना. काढत राहिले, पुसत राहिले. शेवटी एक उलटा केला, तेव्हा कुठे जिवात जीव आला. तोच पाठवून दिला.

ती मंडळी अंबरनाथला आमच्या घरी आली. मी पोहे घेऊन बाहेर आले, तर मुलाची आत्या एकदा मोबाइलकडे आणि एकदा माझ्याकडे बघत होती.

"तीळ उजव्या गालावर होता ना गं? पदरही उजव्या खांद्यावर होता. ही तीच मुलगी ना?"

दिवसभर लोकांचे पदर नीट करणारी मी, माझाच मला दिसला नव्हता. आरशात तो रोज तसाच तर असतो! मी घाईघाईने समजावू लागले आणि बोलेन तितकं ते खोटं वाटू लागलं. मुलाने आत्याच्या हातून मोबाइल घेतला आणि भिंतीवरच्या आरशासमोर धरला. आरशात तीळ डाव्या गालावर आला. आत्या हसली, पण जाताना तीही 'कळवतो' म्हणालीच.

मी आईवरच चिडले. "तुझ्या कसं लक्षात आलं नाही?"

"आलं होतं. फोटोत तू परकी वाटलीस," आई म्हणाली. "पण तुला इतकी आवडली होती ती. म्हटलं, माझीच नजर कमी पडली असेल."

मला तिच्याकडे बघवेना.

चार दिवस फोन उचलत आणि ठेवत काढले. मग मुलाचा मेसेज आला, "सुलटा फोटो पाठवाल?" मी मूळ फोटो उघडला. एक डोळा बारीक, ओठ वाकडे. पुसून टाकावासा वाटला. तरी फोन आईपुढे धरला.

"हां," ती चटकन म्हणाली, "ही माझी पोर."

मी तोच पाठवला.