मागनं चढायची नाव

वाईच्या पश्चिमेला धरणाचं पाणी पसरलं तेव्हापासून आकाराम शिडाची नाव चालवत होता. खताच्या पोत्यांचं ते शीड शिवायचं काम त्याच्या बायकोचं, गोदावरीचं. वारा कुठून जोर करतो ते तिला उसवलेल्या शिवणीवरून कळे.

चौऱ्याण्णव सालच्या माघात, बाजारच्या दिवशी, तिची धाकटी जाऊ शालूबाई नावेत चढताना पाण्यात पडली. पाणी कमरेएवढंच, पण पडली पालथी, लुगड्यात पाय अडकले, चार घोट पाणी पोटात गेलं. त्या दिवसापासून तिनं नावेचं नाव टाकलं. बाजाराला बायका शालूबाईच्या मागून जात, त्यामुळे एकेक करत सगळ्याच गळाल्या आणि लांबच्या वळशानं एसटीतून जाऊ लागल्या. नावेत उरले चारदोन बाप्ये. असंच चाललं तर पावसाळ्याआधी नाव काठावर पालथी पडणार, हे गोदावरीला स्वच्छ दिसत होतं.

आकाराम म्हणे, बायका पाण्याला भितात. गोदावरीला ते पटेना. याच बायका उन्हाळ्यात गळाभर पाण्यात उभ्या राहून म्हशी धुतात. भय पाण्याचं नव्हतंच. नावेची कड मांडीएवढी उंच, आणि वर ओढून घ्यायला उभा आकाराम. अर्ध्या गावाचा थोरला दीर नाहीतर चुलत सासरा. त्याचा हात धरायचा कसा? तोही लाजून तोंड फिरवून उभा राही. मग बायका कडेलाच लोंबकळत आणि नाव त्यांच्या अंगावर कलंडे. शालूबाई पडली तेव्हा त्याचा हात तिच्यापासून वीतभर होता. तिनं तो धरला नाही.

आकारामनं कडेला लोखंडी पायरी ठोकली. गोदावरीनं आधी स्वतः पाय ठेवून पाहिला. कडेच्या टोकावर भार आल्यावर नाव आधीपेक्षा जास्तच कलली. तिनं ओलं लुगडं पिळलं आणि घरी आली. संध्याकाळी भावकीतली बैलगाडी दारात थांबली, आतल्या पोरीबाळी मागून धडाधड उतरल्या, आणि ती पीठ मळता मळता थांबली.

"गाडीत कुनी चाकावरनं चढतं का?" तिनं नवऱ्याला विचारलं.

"न्हाई. का?"

"मग नावंत का चढायचं? मागची फळी खाली कापा. चढायचं तिथनं."

"आता नावंला उंबरा बसव."

"बसवणारच हाय."

आकारामनं खरी अडचण काढली. मागं भार पडला की गाडी उलाळते, पुढून वर उचलली जाते, तशी नाव उलाळणार.

"गाडी उलाळू नये म्हनून जू कोन धरतं? तुमी म्होरं जाऊन उभं ऱ्हावा," गोदावरी म्हणाली. "तितं तुमचा हात बी कुनाला लागायचा न्हाई."

दुसऱ्या दिवशी आकारामनं सुताराला बोलावलं.

जोतीराम सुतारानं चार दिवस काम केलं. मागची फळी गुडघ्याखाली कापली. पाणी आत येऊ नये म्हणून हातभर आत दुसरी उंच फळी उभी केली, मध्ये पाय ठेवायला आडवी पाटी. बाजूला एक खुंटा, धरायला. बसायच्या फळ्यांखाली गोदावरीनं गोड्या तेलाचे रिकामे डबे तोंडं झाळून घट्ट बांधून घेतले. मग काठाजवळ नाव पाण्यानं भरवली आणि स्वतः आत बसली. नाव कडेपर्यंत बुडाली, पण खाली गेली नाही. काठावरच्या बायका हे बघत होत्या. त्यांनी बघावं म्हणूनच तिनं ते भर दुपारी केलं होतं.

पुढच्या बाजारी शालूबाई आली, हातात मेथीच्या जुड्या. आकाराम पुढच्या टोकाला, पाठमोरा उभा. तिनं खुंटा हलवून पाहिला, मग पुन्हा हलवून पाहिला. लुगडं सावरलं, मागच्या आडव्या पाटीवर पाय दिला, दुसरा पाय आत घेतला. नाव जरा खाली दबली आणि सरळ राहिली. मागच्या बायका मुकाट्यानं रांगेला लागल्या.

शालूबाई मधल्या फळीवर ऐसपैस बसली. थोरल्या दिराशी ती कधी थेट बोलत नसे, आजही बोलली नाही.

"आक्का," ती काठावर उभ्या गोदावरीला म्हणाली, "थोरल्यांस्नी सांगा, समद्या बसल्या की शीड सोडा म्हनावं. बाजार भरला असंल."