भुईगावच्या मैदानावरचा वेणीचा नियम

खरं तर हा किस्सा मी सांगू नये. पण वसईतल्या निम्म्या पालकांना तो कळलाय आणि प्रत्येक जण त्यात आपल्या पदरचं काहीतरी घालतो. परवा एकीने मला विचारलं, की तुम्ही रेफ्रीचे केस ओढले म्हणे? तेव्हा म्हटलं, बस झालं. आपली फजिती निदान आपल्या तोंडून तरी खरी जावी.

तर, माझी मुलगी मुक्ता. वय दहा. फुटबॉल खेळते. आमच्या माहेरी-सासरी कोणी फुटबॉल खेळलेलं नाही. माहेर साताऱ्याचं, तिथे पोरी फार तर खो-खो. पण वसईत फ्लॅट घेतला आणि मुक्ता दुसरीत असतानाच इथल्या हवेला बळी पडली. इथे रविवारी सकाळी चर्चमधली मिस्सा संपली की गावोगावची मैदानं भरतात. आमचा मुलींचा संघ अशाच एका स्पर्धेत उतरला, भुईगावला. एकेका बाजूला सात मुली, मैदानाभोवती दोरी, दोरीबाहेर पालक.

दोरीबाहेरच्या पालकांत मी कुठे असते हे ओळखणं सोपं. जिच्या पिशवीत बर्फ, मलम, पट्ट्या, जास्तीचे मोजे, ग्लुकोज आणि कंगवा असतो ती मी.

कंगवा का? कारण मुक्ताची वेणी. कमरेपर्यंत. लोक थांबून बघतात अशी. आता आईने स्वतःच सांगू नये, पण ती वेणी निम्मी माझी आहे. तेल माझं, मेहनत माझी. आणि दुसरं म्हणजे, ही मुलगी दिवसभर पळत असते. सकाळी वेणी घालताना तेवढी माझ्यापुढे एका जागी बसते. शाळेत काय झालं, कोण कोणाशी बोलत नाही, हे सगळं मला त्या वेणीतून कळतं. त्यामुळे “आई, कापूया ना” असं ती म्हणाली, की मला तेव्हाच नेमकं कुकरकडे बघायचं असतं.

पहिल्याच सामन्यात मुक्ता चेंडू घेऊन पळाली आणि मागून एका मुलीने तिची वेणी धरली. मुक्ताची मान मागे गेली आणि ती बसली ती बसलीच. त्या मुलीचं नाव रेनिटा. भुईगावच्या संघातली, केस बारीक कापलेले. रेफ्री डेनिस सर. निवृत्त शिक्षक, स्पर्धाही तेच भरवतात. त्यांनी शिट्टी वाजवली आणि पिवळं कार्ड दाखवलं.

पिवळं! म्हणजे नुसती ताकीद.

मुक्ता उठली, धूळ झटकली, पुढे खेळायला लागली. मी मात्र दोरीबाहेर तशीच उभी. सामना संपल्यावर मी डेनिस सरांना गाठलं आणि विचारलं, हे पिवळं कसं. ते म्हणाले, “मॅडम, लहान मुली आहेत. जर्सी धरायला जातात, हातात वेणी येते.”

रेनिटाची आई फिलोमिना तिथेच होती. तिने मुलीला सगळ्यांसमोर विचारलं, का गं ओढलीस? रेनिटा म्हणाली, “हातात आली.”

मला ते उत्तर अजिबात पटलं नाही. वेणी काय आपणहून हातात येते?

आता चूक माझी की माझ्या शिक्षणाची, तुम्हीच ठरवा. मी एम.कॉम. आहे. दुखापत झाली की लोक डॉक्टरकडे जातात, मी नियमांकडे जाते. आठवडाभर मी फुटबॉलचे नियम वाचले. धरणं, ढकलणं, लाथ, थुंकणं, चावणं, सगळं होतं. केस कुठे दिसेनात. मग मोठ्या स्पर्धांतले प्रसंग पाहिले. कुठे केस ओढल्यावर लाल कार्ड, कुठे पिवळं, कुठे काहीच नाही, आणि प्रत्येक प्रसंगाखाली जगभरचे लोक एकमेकांशी भांडत होते. ते भांडण वाचता वाचता माझा डाळ-भात दोनदा करपला. निलेश, म्हणजे माझा नवरा, म्हणाला, “अगं, वेणी कापली तर प्रश्नच मिटतो.” त्या दिवशी तिसऱ्यांदा करपला तो मुद्दाम.

पुढच्या रविवारी सामन्यांनंतर बाकावर बैठक बसली. बसली म्हणजे, मी बसवली. डेनिस सर, फिलोमिना, दोन्ही संघांचे कोच आणि मी. मी म्हटलं, जर्सी क्लबची असते, केस मुलीचे असतात. जर्सी ओढली तर माणूस थांबतो, केस ओढले तर मान मोडते. त्यामुळे थेट लाल कार्ड, मैदानाबाहेर.

फिलोमिना शांतपणे म्हणाली, “बाई, माझ्या पोरीचे केस बोटाच्या पेराएवढे. तिचे कोणी ओढूच शकत नाही. म्हणजे हा नियम एकाच बाजूने चालणार.”

मुद्दा बरोबर होता. म्हणून मी तो ऐकू न आल्यासारखं केलं.

सर म्हणाले, मुद्दाम ओढले तर लाल, चुकून ओढले तर पिवळं, असं ठेवू. मी म्हटलं, हेतू कसा मोजणार? मान मागे जायची ती जातेच. हेतू विचारायचाच नाही. सर म्हणाले, बरं, कोणत्याही खेळाडूने ओढले तर लाल. मी म्हटलं, खेळाडूच का? राखीव मुली दोरीला चिकटून बसतात, वेणी त्यांच्या तोंडासमोरून जाते. दोरीच्या आत जो कोणी हात घालेल तो. आणि नुसतं कार्ड दाखवून काय उपयोग? ज्या बाजूच्या माणसाने ओढले, तो संघ एक मुलगी कमी घेऊन खेळेल.

सरांनी घड्याळाकडे पाहिलं. घरी जेवण वाट बघत होतं. रविवारचं जेवण. ते म्हणाले, “मान्य.” अशा रीतीने भुईगावच्या मैदानावर नियम लागू झाला: दोरीच्या आत कोणीही, कोणाचेही केस, कोणत्याही कारणाने ओढले, तर लाल कार्ड आणि एक खेळाडू कमी. त्यातले ‘कोणत्याही कारणाने’ हे शब्द माझे. घरी येताना मी ते मनातल्या मनात दोनदा म्हणून पाहिले.

नियम इतका चालला, की विचारू नका. पुढच्या सामन्यात समोरच्या संघाच्या मुली मुक्ताजवळ फिरकेनात. त्यांच्या कोचने सांगून ठेवलं होतं, त्या वेणीवालीपासून दोन हात लांब राहा. एक मुलगी तर हात पाठीमागे बांधूनच धावत होती. मुक्ता एकटीच चेंडू घेऊन जायची आणि गोल करून यायची, दळण टाकून यावं तशी. मी टाळ्या वाजवत होते. मुक्ताचं तोंड एवढंसं.

घरी आल्यावर म्हणाली, “आई, मला कोणी अडवतच नाही. मी काय खेळतेय का ते? सगळ्या मला काचेचं भांडं म्हणतात. केस कापूया. मग तो नियम पण नको.”

आता ऐका, मी काय केलं. शहाण्या आईने अशा वेळी गप्प बसावं. मी पैज लावली. म्हटलं, “हे बघ, आता कोणी ओढतंय का? नाही ना? यापुढे मैदानात कोणीही तुझी वेणी ओढली, तर त्याच आठवड्यात कापू. शब्द.”

“कोणीही?”

“कोणीही.”

माझं गणित सरळ होतं. नियमामुळे कोणी ओढणार नाही, म्हणून वेणी राहील. निलेश पेपरमागून म्हणाला, “छान.” त्याचं छान मला तेव्हाच खटकायला हवं होतं.

अंतिम सामना पुन्हा भुईगावशी. म्हणजे रेनिटाशी. पण रेनिटा मुक्ताला हातही न लावता अडवत होती, नुसती आडवी येऊन. मुक्ता पहिल्यांदाच खूश दिसली. शून्य-शून्य. अशात धावता धावता मुक्ताच्या वेणीचा रबर तुटला आणि केस सगळे तोंडावर आले. ती एका हाताने केस मागे सारतेय, दुसऱ्याने घाम पुसतेय, आणि तिला चेंडू दिसत नाहीये हे मला दोरीबाहेरून दिसतंय.

तेवढ्यात चेंडू कुंपणावरून शेजारच्या केळीच्या वाडीत गेला. भुईगावात चेंडू वाडीत गेला, की खेळ थोडा थांबतो, कारण वाडीत कुत्रा असतो आणि आधी त्याची समजूत काढावी लागते. मी म्हटलं, एवढ्यात होईल. कंगवा घेतला, तोंडात नवा रबर धरला आणि दोरीखालून आत गेले.

मुक्ता म्हणाली, “आई, राहू दे.” मी म्हटलं, “सरळ उभी राहा.” केस तीन भागांत घेतले आणि गुंफायला लागले. हात भराभर चालत होते. तुम्हाला सांगते, एवढी घट्ट वेणी मी शाळेच्या स्नेहसंमेलनालाही घातली नव्हती.

कुत्रा त्या दिवशी लवकर समजला.

चेंडू परत आला. डेनिस सरांची आमच्याकडे पाठ. भुईगावच्या मुलीने गडबडीत आत फेकलेला चेंडू आमच्या संघातल्या एकीकडे, तिच्याकडून थेट मुक्ताच्या पुढ्यात. समोर गोल मोकळा. मुक्ता सुटली. आणि मी, तोंडात रबर, म्हणाले, “थांब, शेवटचा पेड राहिलाय.”

ती थांबली नाही. मीही सोडली नाही.

मुक्ताचे पाय पुढे गेले, मान मागे आली, आणि ती बसली. त्याच जागी, जिथे पहिल्या सामन्यात बसली होती, निदान मला तरी तसं वाटलं. चेंडू एकटाच हळूहळू बाहेर गेला. वेणी माझ्या मुठीत होती आणि ती सोडावी हे मला सुचत नव्हतं.

डेनिस सर शिट्टी वाजवत चालत आले. घाईने नाही, वर्गात येतात तसे.

मी रबर तोंडातून काढला आणि म्हटलं, “सर, मी ओढली नाही. माझ्या हातात होती.”

दोरीपलीकडून फिलोमिना हसल्याचा आवाज आला. चांगला मोकळा आवाज आहे तिचा.

सर म्हणाले, “मॅडम, हेतू विचारायचा नाही, असं आपलं ठरलंय.” मग खाली वाकून त्यांनी मुक्ताला विचारलं, “बाळ, आईने केस ओढले का?”

मुक्ता मातीत बसल्या बसल्या त्यांच्याकडे बघत होती. अगदी मनापासून, नीट उत्तर द्यावं म्हणून तिने विचारलं, “सर, आत्ताचे की रोजचे?”

सरांनी खिशातून लाल कार्ड काढलं आणि माझ्या डोक्यावर उंच धरलं. आमच्या कोचने डोळे मिटले. आमच्या सहाच मुली उरणार होत्या आणि बाहेर कोणाला बसवायचं हे त्याला ठरवायचं होतं. मी कंगवा घेऊन दोरीखालून बाहेर आले. आत जाताना सहज गेले होते, येताना दोरी मानेला अडकली.

बाकावर बसले तर शेजारी रेनिटा येऊन बसली. मी विचारलं, तू कशी बाहेर? म्हणाली, “तुमच्या सहा, मग आमच्या पण सहा. मीच सांगितलं सरांना.” तिने आईच्या डब्यातलं सुकेळं, म्हणजे इकडचं वाळवलेलं केळं, काढलं, अर्धं मला दिलं. आम्ही दोघी ते खात मैदानाकडे बघत बसलो. थोड्या वेळाने तिने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

“काही नाही होत, आंटी. पहिल्यांदा वाईट वाटतं. पुढच्या मॅचला घेतात परत.”

आम्ही एका गोलने हरलो. मुक्ताला त्याचं काही नाही, कारण उरलेला सामनाभर भुईगावच्या मुलींनी तिला सगळीकडून व्यवस्थित अडवलं.

शब्द म्हणजे शब्द. बुधवारी आम्ही पार्लरला गेलो. मी बाजूच्या खुर्चीत, पिशवी मांडीवर, डोळ्यांत पाणी येऊ नये म्हणून भिंतीवरचं दरपत्रक वाचत. पार्लरवालीने वेणी हातात तोलली, हळहळली आणि मुक्ताला विचारलं, “किती छोटे करू गं?”

मुक्ताने आरशातून माझ्या हाताकडे पाहिलं.

“आईच्या मुठीत येणार नाहीत इतके.”